सिस्टर माधवी टेबलावर जाते

४ मे २०१४, रविवार
विहारातून आत्ताच आले. त्रिशरण-पंचशील झालं, खीर झाली, मग लिंबाखाली आमची खरी सभा. विषय एकच, टीव्हीवरची ‘आठवा वॉर्ड’. शुक्रवारी सिस्टर माधवीच्या छातीत गाठ निघाली तेव्हापासून आमच्या सगळ्या बायकांचा जीव टांगणीला. निर्मलाकाकूंचं म्हणणं, डॉ. रणदिवे स्वतः ऑपरेशन करणार आणि ती ठणठणीत होणार. कुणी म्हणे रिपोर्टच बदललेत, गाठ भलतीच्याच छातीत आहे. सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि मग म्हटलं, “मरते. ऑपरेशनच्या टेबलावर.”

काकू म्हणाल्या, “शोभे, तुझ्या जिभेला काही हाड?” नाहीच. पण माझं भाकीत आजवर चुकलेलं नाही. ज्याचं चुकेल त्याने पुढच्या रविवारी सगळ्यांसाठी खिचडी आणि चिंच-तिळाचा खट्टा करून आणायचा, हा आमच्या लिंबाखालचा कायदा. अख्ख्या अंबरपेठेत फुकटची खिचडी माझ्याइतकी कुणी खाल्ली नसेल.
लीला एरवी बडबडते, आज गप्प होती. निघताना चपला घालता घालता तिने विचारलं, “टेबलावरच का गं? का नंतर, घरी गेल्यावर?” म्हटलं, “टेबलावरच. तोंडावर पांढरी चादर.” हौ म्हणाली आणि गेली.

६ मे
बबीचा फोन. चादरीचा शॉट झाला म्हणे, महिनाअखेरीला दाखवणार.
बबी म्हणजे अक्काची धाकटी. मुंबईला त्याच सिरियलच्या सेटवर कपडे सांभाळते, एप्रन धुवायला टाकते. ती मला सांगते, मी विहारात डोळे मिटून विचार केल्यासारखं करते आणि भाकीत सोडते. फक्त यांना माहीत आहे. हे म्हणतात, “एक दिवस तोंडघशी पडशील.” पडेन तेव्हा पडेन. ऑफिसात कोण विचारतं मला? विहारात तरी बायका मान वळवून ऐकतात.

९ मे
ऑफिसात काम बंद, भाकितं चालू. दोन जूनला राज्य दोन होणार, आमचं खातं वाटलं जाणार, फायली कापडात बांधायला सुरुवात झाली आहे. कोण इकडे, कोण तिकडे, कुणाला पत्ता नाही. सुपरिटेंडेंटने विचारलं, “मॅडम, तुमचं नेटिव्ह कुठलं?” म्हटलं, नल्लकुंट्याला जन्म, अंबरपेठेत सासर. “तसं नाही, असली नेटिव्ह.” आता काय सांगू? सासरे नांदेडचे. मागल्या, छप्पनच्या वाटणीत नांदेड मराठी मुलखात गेलं, सासरे इकडेच राहिले. तो डोकं खाजवत गेला. हे रेल्वेतले, तारनाक्याला बसून हसतात. “आम्ही केंद्राचे. आम्हाला कोण वाटणार?”
इथे एखादी बबी असती तर बरं झालं असतं.

१४ मे, बुद्धपौर्णिमा
सगळ्या पांढऱ्या साड्यांत. लीला आली नाही. दरवर्षी खिरीचं पातेलं तिच्याकडे असतं. फोन केला तर म्हणाली अंग मोडून आलंय. आवाज कसातरीच. ठेवता ठेवता परत तेच, “माधवीचं नक्की ना गं?” मी हसले. म्हटलं, तुला काय ती सख्खी बहीण लागून गेली!

२० मे

संध्याकाळी लीलाची प्राची आली. पोरगी हायटेक सिटीत नोकरीला, आमच्याकडे सहसा फिरकत नाही. दारातच उभी. “आंटी, मम्मीला समजवा ना. थर्सडेला ऑपरेशन होतं, मम्मीने डॉक्टरला फोन करून कॅन्सल केलं. मला नक्कोच म्हणते.”
“कसलं ऑपरेशन?”
“छातीत गाठ आहे ना. टेस्टमध्ये खराब निघाली. तुम्हाला माहीत नाही?”
लीला. रोज संध्याकाळी एकाच दुकानातून दूध आणतो आम्ही दोघी. मला माहीत नाही.
“का नको म्हणते?”
पोरगी खाली बघत म्हणाली, “तुम्ही बोललात ना, सिस्टर माधवी टेबलावर जाते. मम्मी म्हणते शोभाचं कधी चुकत नाही. पप्पा ओरडले, रडले, काही उपयोग नाही. डॉक्टर म्हणाले लेट करू नका.”
पोरीला पाणीसुद्धा विचारलं नाही. ती गेल्यावर लक्षात आलं.

२१ मे
रजा टाकली. लीलाकडे गेले. ती पलंगावर बसून भेंडी चिरत होती. तिचे मिस्टर, दिगंबरभाऊजी, मला बघून आत निघून गेले. एरवी “या वहिनी” म्हणतात.
म्हटलं, “लीले, येडी का गं तू? अगं सिरियल आहे ती!”
म्हणाली, “मलाही कळतं शोभा, सिरियल खोटी असते. पण तुझं खरं असतं ना.”
तिथेच सगळं ओकून टाकलं. बबी, एप्रन, फोन, डोळे मिटणं, सगळं. तिला खरं वाटेना. “मला टेबलावर चढवायला रचतेस.” मग बबीला फोन लावला, स्पीकर टाकला. म्हटलं, बबे, माधवी का मरते गं?
बबी काहीतरी चघळत होती. म्हणाली, “अगं मावशी, ती बाई दुसऱ्या चॅनेलवर चालली. आधी तिला ट्रकखाली घालणार होते, पण ट्रकच्या शूटिंगला परवानगी मिळेना. म्हणून मग गाठ.”
मी फोन ठेवला. लीलाने सुरी खाली ठेवली. मग म्हणाली, “ट्रक मिळाला नाही म्हणून गाठ?”
हौ.
“एवढ्या बायका बघतात. एखादीला गाठ असेल, असं कुणालाच वाटलं नाही?”
मला रडू फुटलं. ती नाही रडली. म्हणाली, “मार्चमध्ये हाताला लागली तेव्हापासून कुणालाच सांगावंसं वाटेना. मग सिरियलमध्ये तेच निघालं. वाटलं, हिचं बघू, मग आपलं ठरवू. आणि तू म्हणालीस टेबलावरच.” आणि मग, “जा शोभा तू आता.”
गेले.

२३ मे
हे म्हणतात जेव. जेवण जात नाही.
भाऊजींचा फोन. नवी तारीख घेतली आहे, ३ जून. पण लीला अजून हो म्हणत नाही. माधवीचा भाग डोळ्यांनी बघितल्याशिवाय ठरवणार नाही म्हणते. ते म्हणाले, “वहिनी, तो भागच कॅन्सल करता येत नाही का?” चेष्टा नव्हती ती. आवाज अगदी खोल गेलेला.

२५ मे, रविवार
वंदना झाल्यावर सगळ्यांसमोर बबीचं सांगितलं. लीलाला विचारून, तिचंही सांगितलं. मग काकू फुटल्या. “म्हणजे आम्ही गुडघे दुखत असताना पातेली वाहायची, आणि तू मुंबईहून उत्तर मागवून बसायचीस?” बोलू दिलं. बरोबरच होतं. पण शेवटी त्याच म्हणाल्या, “शनिवारी माझ्याकडे बघू सगळ्या. लीलाला एकटीला बघू देऊ नका.”

२९ मे
केबलवाल्या यादगिरीला गाठलं. म्हटलं, शनिवारी संध्याकाळी आमच्या गल्लीची लाइन जरा काप. तो बघतच राहिला. “अम्मा, अख्खी गल्ली मला मारेल.” पैसे देते म्हटलं. “पैसे नक्को, मार नक्को.” घरी येऊन यांना सांगितलं तर हेही बघतच राहिले. मला खरंच वेड लागलंय का?

३१ मे, शनिवार
काकूंच्या हॉलमध्ये आम्ही आठ-दहा जणी. लीला सगळ्यांत पुढे, टीव्हीच्या तोंडाशी खुर्ची ओढून. मी मागे दाराशी. मला तिची फक्त वेणी दिसत होती.
आलं. हिरवे कपडे, दिवे, डॉ. रणदिवेंच्या कपाळावर घाम, मशीनची रेघ सरळ. एकही बाई हलेना. रणदिवेंनी चादर ओढली तोंडावर. वाजंत्री सुरू. मी डोळे मिटून घेतले, या वेळी खरोखरचे.
तेवढ्यात लीला ओरडली, “हलतेय!”
“काय?”
“चादर! बघा ना, श्वास घेतेय बया!”
सगळ्या पुढे सरकल्या. खरंच. पोटावरची चादर सावकाश वर, सावकाश खाली. तिकडे रणदिवे रडतायत, इकडे मेलेली बाई आरामात श्वास घेतेय. काकू म्हणाल्या, “एवढा पैसा घेतात, दोन मिनिटं दम धरता येत नाही?” आणि लीला हसायला लागली. ती हसली तशा सगळ्या हसल्या. हसता हसता तिचं रडणं कधी सुरू झालं कळलंच नाही. काकूंनी तिला छातीशी धरलं. मी दाराशीच. पुढे जायची हिंमत झाली नाही.
निघताना माझ्यापाशी थांबली. “मंगळवारी तू पण ये,” एवढंच.

२ जून
झालं नवं राज्य. गल्लीत फटाके, गुलाल, पोरं गुलाबी झेंडे घेऊन मोटरसायकलवर. आमचं अजून अधांतरीच, पुढचा हुकूम येईपर्यंत आहे तिथेच बसा म्हणतात.
लीला आजच दवाखान्यात दाखल झाली. भेटून आले. उशीला टेकून बसली होती, बांगड्या काढलेल्या. म्हणाली, “मी माझं भाकीत करते. मी जाते टेबलावर.”
“लीले, तोंड बंद कर.”
“कायदा आहे. आता तू सांग. बबीला न विचारता.”
सिरियलमधल्या परक्या बाईला मी कशी खाटकन मारून मोकळी झाले होते! आणि हिच्यासमोर साधं तू राहतेस म्हणायला जीभ उचलेना. चुकलं तर? बबीशिवाय माझं कधी बरोबर आलंय?
“बोल ना.”
“राहतेस,” म्हटलं.
“बघ हां. हरलीस तर तुझी पहिली खिचडी.”
“हरले तर कुणासाठी करू?”
तिने माझा हात घेऊन मांडीवर ठेवला.

३ जून
सकाळी तिला आत नेली. स्ट्रेचरवरून प्राचीला दुधाच्या पाकिटाचं सांगत गेली. दाराशी मात्र मान वळवून बघितलं. माझ्याकडे की भाऊजींकडे, कळलं नाही.
भाऊजी बाकावर, शेजारी मी ही वही घेऊन. प्राची हातात फोन घेऊन, पण बघत नाही. वेटिंगच्या टीव्हीवर कसलीतरी सिरियल चालू होती, मी उठून बंद केली.
बबीचा फोन आला, सवयीने. पुढच्या आठवड्यात रणदिवेंचं काय होतं ते सांगू लागली. म्हटलं, नक्को गं, नको सांगूस.
काकूही आल्यात, त्यांनी विचारलं, रविवारचं काय? म्हटलं, लीला हरली तरी तिला पातेलं कुठलं उचलता येणार? खिचडी माझ्याच गळ्यात आहे. आयुष्यात पहिल्यांदा. लोक अशा वेळी देव पाण्यात घालून बसतात. आमच्याकडे देव नाहीत. सकाळी निघताना मसूर निवडून ठेवली, तीळ भाजून ठेवले. चिंच आणलीच, रविवारला अजून वेळ आहे तरी आणली.
लीलाला खट्टा आंबट लागतो, पण फार आंबट नको असतो.
दार उघडलं आत्ता. दुसऱ्याच कुणाचा तरी पेशंट. प्राची उभी राहिली होती, परत बसली.