कोणाक ऱ्हवांदे?

आये,

वकील मिळाला, हे आधीच सांगते, नाहीतर तू तिकडे जिवाला घोर लावून घेशील. माझा घोर मात्र गेलेला नाही. नवऱ्याशी पटलं नाही, त्याचं आता रडूही येत नाही. पण तो म्हणतो, मुलगी मला हवी. तू गेलीस तेव्हा ती जन्मलीही नव्हती. आता दुसरीत आहे, आणि परवा कोर्टातले साहेब तिला आत बोलावून विचारणार आहेत, कोणाकडे राहायचं म्हणून.

सगळं अडलं ते एका शब्दावर. मसुऱ्याचं घर सोडलं त्या सकाळी मुलगी शाळेत होती. मी दारात चपला घालतेय आणि नणंद विचारतेय, "वयनी, चेडवाचे कपडे बांधून देव काय?" पोरीचे कपडे तिच्या हातातच होते. कसंबसं म्हटलं, "ऱ्हवांदे." तिथून तडक शाळेत गेले आणि पोरीला घेऊन तुझ्या घरी आले. आता त्यांच्या अर्जात आहे की आईने साक्षीदारासमोर 'मुलीला इथेच राहू दे' म्हटलं आणि मग तिला शाळेतून पळवलं. पळवलं म्हणे! माझ्याच पोटच्या पोरीला.

मालवणात पहिल्या वकिलांनी चहा पाजला आणि म्हणाले, "तुझो सासरो माझो शाळेतलो दोस्त. माका ह्या जमाचा नाय." दुसरे घाट उतरून आलेले, कोल्हापूरकडचे. "राहू दे म्हणालात की नाही, एवढंच सांगा." त्यांच्यासमोर मीही कचेरीतलं मराठी बोलायला गेले. "हो, म्हणाले." त्यांनी पेन खाली ठेवलं. "मग अवघड आहे." स्टँडवर माझी एसटी समोरून निघून गेली, तरी मी तशीच बसून होते.

तिसऱ्या बाई, देवबागच्या. मी पुन्हा पुस्तकी सुरू केलं तशा म्हणाल्या, "आवशीकडे बोलतस तसा बोल." मग तुझ्याशी, माझ्या आयेशी बोलायचे तसंच सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून विचारलं, "कोणाक ऱ्हवांदे म्हटलंस गो? कपड्यांका की चेडवाक?" आये, इतक्या दिवसांत हे कुणी विचारलंच नव्हतं. मी तिथेच हुंदके देऊन रडले. "नणंदेक हीच भाषा येता मा? मगे तिकाच विचारतंय मी कोर्टात," त्या म्हणाल्या. आणि मी उठताना, "पण चेडू काय बोलात, ता माझ्या हातात नाय."

तेव्हापासून मी पोरीशी जपून जपून वागते. रोज तिच्या आवडीचं रांधते, अभ्यासाला बस म्हणत नाही. आज तिने पेजेचा टोप कलंडवला. सगळी चूल भिजली, आणि मी हसून म्हटलं, "असूदे हां बाळा." तिचा चेहराच उतरला. म्हणाली, "आये, तू माका थंय परत धाडतलंस काय?"

तू कशी बिनधास्त ओरडायचीस मला! "डोळे खंय आसत गो तुझे?" तुझ्याकडून मला कोण नेणार होतं? मग मीही ओरडले, "बघीत काय ऱ्हवलंस? फडको हाड आधी!" ती डोळे पुसत फडकं आणायला पळाली.

हे पत्र धाडायचं तरी कुठे? पण तुला म्हणून सांगते. ओरडले खरी, पण ओरडताना माझा आवाज कापत होता.