टांगत्या टोपल्यांचं पाणी

प्रिय …………

पुढे काय लिहावं या विचारात सकाळचा चहा गार झाला. पूर्वी तू माहेरी गेलीस की मी ठसक्यात 'चि. सौ. सूनबाई' असं लिहायची आणि पत्र मिळालं की तू फोन करून खो-खो हसायचीस. आता 'सौ.' लिहू की नको? आणि सूनबाई तरी? नुसतं नाव लिहावं तर बँकेतून आलेलं पत्र वाटेल. म्हणून जागा मोकळी सोडली आहे, तूच भर. दोनदा फोनही लावला होता, पण रिंग जायच्या आत ठेवून दिला. तू मला आई म्हणशील की काकू, या विचारानेच माझी बोबडी वळली. मला तुझ्याकडे काहीतरी मागायचं आहे आणि ते मागायचा हक्क मला उरला आहे का, हेच कळत नाहीये. तेव्हा आधी टोपल्यांचं सांगते, म्हणजे जरा धीर येईल.

गॅलरीतल्या तुझ्या तीन तारेच्या टोपल्या गं. घर सोडताना तू तुझं सगळं नेलंस, अगदी चहाचं गाळणंसुद्धा (तुझंच होतं, बोल लावत नाही), पण टोपल्या मात्र छताच्या हुकांना तशाच लटकत राहिल्या. विसरलीस की ठेवून गेलीस? हिवाळाभर मी जाता-येता मान वर करून हेच विचारत होते. परत पाठवाव्यात तर तुला वाटणार, म्हातारीने संबंधच तोडला. ठेवून घ्याव्यात तर वाटणार, ढापल्या. चिरंजीवांना विचारलं, तर म्हणतात, आई, टोपल्या आहेत त्या, ठेव नाहीतर टाक. त्याला असल्यातलं काही कळत नाही, हे तुला मी काय सांगायचं? तुमचं दोघांचं का बिनसलं तेही मला अजून उमगलेलं नाही. तो म्हणतो कुणाचीच चूक नाही, तूही जाताना तेच म्हणालीस. अगं, जन्मभर दुकानात बसून मी लोकांचे कपडे ठीकठाक केले. चूक असती तर उसवून पुन्हा शिवता आलं असतं. चूकच नाही म्हटल्यावर सुई घालायची कुठे?

उन्हाळा लागला आणि रिकाम्या टोपल्या बघवेनात. तू लावायचीस तेव्हा मी खुर्चीत बसून चहा पीत फुलं तेवढी बघितली, हात कधी लावला नाही. मग गेले रोपवाटिकेत. तिथे टोपलीत घालायचं काथ्याचं तयार अस्तर, तयार माती आणि तयार बहरलेली रोपं, सगळ्यांच्या किमती ऐकून रोपांऐवजी मीच कोमेजले. माझ्या शिल्लकीत हे चोचले परवडायचे नाहीत. घरी येऊन कपाट उघडलं. तुझ्या नवऱ्याचं (बघ, हेही आता काय म्हणायचं?), म्हणजे माझ्या मुलाचं कॉलेजातलं हिरवं स्वेटर सापडलं, कोपरांना मीच रफू केलेलं. त्यातून टोपल्यांसाठी अस्तर कापलं. भाज्यांच्या देठांचं नि सालींचं खत होतंच. भाजीच्या टोपलीत कोंब फुटलेलं रताळं होतं, ते खाण्याऐवजी पुरलं, त्याचा वेल काठावरून छान खाली उतरतो म्हणे. जिन्याच्या फटीत सदाफुली उगवली होती, ती हलक्या हाताने उपटली. खालच्या मजल्यावरच्या मास्तरीणबाईंनी ऑफिस टाइमच्या, त्या दहाच्या सुमारास फुलणाऱ्या रोपाच्या, चार काड्या मोडून दिल्या आणि म्हणाल्या, "खोचा नुसत्या, ही निर्लज्ज जात आहे, कुठेही जगते." दमडी न खर्चता तीन टोपल्या! मला माझंच कौतुक वाटलं.

पण नव्याची नवलाई. आधी टोपली खाली ठेवून भरायची आणि मग टांगायची, एवढी साधी अक्कल मला नव्हती. मी स्टुलावर चढून टांगलेल्या टोपलीत माती ओतली. अर्धी माझ्या डोक्यावर, अर्धी मास्तरीणबाईंच्या वाळत घातलेल्या चादरींवर. त्या धुमसत वर आल्या. चादरी मी धुऊन दिल्या, तर दुसऱ्या दिवसापासून पाणी ठिबकायला लागलं. पुन्हा चादरी. मग मी शहाणपणा केला. स्वेटरच्या आत प्लास्टिकची पिशवी घातली आणि कडेने दुहेरी टाके मारून ती पक्की शिवली. सुईत दोरा मात्र मास्तरीणबाईंनी ओवून दिला, कारण हल्ली माझ्या हाताला भोक सापडत नाही. एक थेंब खाली पडेना. मी खूश, त्याही खूश.

रोपं मात्र नाखूश. सदाफुली पिवळी पडली. मला वाटलं, पाणी कमी पडतंय, म्हणून आणखी घातलं. ती आणखी पिवळी. मी गोंधळून गेले. ऊन जास्त होतंय की कमी? माती वाईट की माझा हात? की ज्या माणसाने टोपल्या टांगल्या त्याच्याच हाताने त्या फुलतात? खरं सांगते, हाही विचार मनात आला आणि रडू कोसळलं. शेवटी बोट खुपसून पाहिलं, तर आत डबकं साठलेलं, वास येत होता. जन्मभर मी भोकं बुजवली. कापडाला आपण होऊन भोक पाडायचं ही कल्पना मला सुचलीच नाही. मग भोकं पाडायची आरी घेतली, डोळे मिटले आणि खालून भोसकलं. आता पाणी ठिबकतं, आणि मास्तरीणबाईंनी खाली बरोबर त्या जागी पुदिन्याची कुंडी आणून ठेवली आहे. चादरी दुसऱ्या दोरीवर गेल्या.

फुलं आली आहेत. मला ती सगळी गुलाबी दिसतात, मास्तरीणबाई म्हणतात त्यात निम्मी पांढरी आहेत. परवा चिरंजीव आले होते. वर बघून म्हणाले, "आई, हे माझं स्वेटर ना?" मी म्हटलं, हो, तुला घट्टच होत होतं. मग जाताना चपला घालता घालता त्याने विचारलं, "तिला दाखवल्यास का टोपल्या?" आता याचा अर्थ मी काय लावायचा? लावायचाच नाही असं ठरवलं. तुम्ही पुन्हा एकत्र यावं म्हणून हे पत्र नाही, शपथ. तुमचं तुम्ही जाणा. मला फक्त माझं विचारायचं आहे.

माझ्या ओळी खाली घसरत चालल्यात आणि अक्षरं बोराएवढी झालीत, हे तू एव्हाना पाहिलं असशील. डोळ्यांत मोतीबिंदू पिकलाय. पुढच्या महिन्यात ऑपरेशन आहे. त्यानंतर काही दिवस वाकायचं नाही, मान वर करायची नाही, डोळ्याला पाण्याचा थेंब लागू द्यायचा नाही. आणि या टोपल्यांना उन्हाळ्यात दोन वेळा पाणी लागतं, एक दिवस चुकला की माना टाकतात. मास्तरीणबाई पाणी घालतील, मुलगा रजा काढेल, माणसं आहेत. पण दवाखान्यातल्या नर्सने विचारलं, आजी, सोबत कोण येणार, तर मुलाचं नाव यायच्या आधी माझ्या तोंडून निघून गेलं, "माझी सून." तिने नंबर मागितला. मुलाचा मला पाठ नाही, तुझा आहे, तोच घडाघडा सांगितला. घरी येईपर्यंत आपण काय करून बसलो हे लक्षातच आलं नाही. आता ती नर्स तुला फोन करणार. ती विचारेल, तुम्ही त्यांच्या सूनबाई ना? तू दचकू नयेस म्हणून हे पत्र. तू नाही म्हणालीस तरी मी रागावणार नाही, टोपल्या घेऊन जा म्हणेन आणि त्यांतलं स्वेटर उसवून काढून देईन. पण हो म्हणालीस तर बरं वाटेल, फार बरं वाटेल. पट्टी काढल्यावर त्या फुलांत खरंच पांढरी किती आहेत, ते मला तुझ्याबरोबर बघायचं आहे.

खाली काय लिहायचं, यावर दुसराही चहा गार झाला. लिहून टाकते. खोडायचं असेल तर तू खोड.

तुझीच,
आई