चकती धरायची कशी

तीर्थरूप दादास,

धाकटीचा नमस्कार. तुझा गुडघा, वहिनींचा खोकला आणि तुमच्या दोघांमधलं बोलणं, तिन्ही सुरळीत चालू असेल असं धरून चालते. इकडे सगळे खुशाल (माझा उजवा कान थोडक्यात वाचला, ते पुढे येईलच).

सासूबाई कारखान्यातून निवृत्त होताना तिथला कातकामाचा छोटा लेथ घरी घेऊन आल्या, हे तुला ठाऊक आहेच. तो पुढच्या खोलीत असतो आणि सोफा जिन्याखाली. परवा सासऱ्यांच्या ग्रामोफोनने मान टाकली. त्याच्या आवाजाच्या डबीत अ‍ॅल्युमिनियमची एक पातळ चकती असते, ती थरथरते म्हणून गाणं ऐकू येतं. ती फाटली. दुकानं पालथी घातली, मिळेना. सासरे गप्पच झाले. भाजी अळणी झाली तरी बोलेनात, म्हणजे घरात काय अवकळा आली असेल बघ! शेवटी सासूबाईंनी पातळ पत्रा आणून त्याचे चौकोन कापले आणि म्हणाल्या, "चकतीच तर करायचीय."

पण ती धरायची कशी? लेथच्या जबड्यात आवळली, तर छत्रीसारखी फुगून उलटी झाली. मग लाकडी ठोकळ्यावर दोन्हीकडून चिकटणारी पट्टी लावून ती बसवली. मशीन सुरू झालं, हत्यार टेकलं आणि चकती सुटली ती माझ्या कानाजवळून सूं करत थेट सासऱ्यांच्या कोटात (कोट खुंटीला होता, सासरे आत होते. म्हणजे घरात, कोटात नव्हे). सासूबाईंनी मशीन बंद केलं आणि स्टुलावर बसून राहिल्या. इतक्या वर्षांत त्यांना हरलेलं मी पाहिलं नव्हतं. मला काही सुचेना, म्हणून मी उरलेले चौकोन गोळा करून दोन जाड पुस्तकांमध्ये दाबायला लागले. त्या माझ्या हातांकडे बघत राहिल्या. मग ताडकन उठल्या. "अगं, धरायचं नाहीच! दाबायचं!"

दोन गोल लाकडी ठोकळे, मध्ये सगळ्या पत्र्यांची चळत, आणि समोरून लेथचं फिरतं टोक दाबून बसवलेलं. बस. ना खिळा, ना गोंद. मला उगाच कानावर हात ठेवून दाराआड उभं केलं. दादा, काय सांगू! आधी कोपरे हत्यारावर टकटक आपटत होते. हळूहळू आवाज मऊ होत गेला, आणि चौकोनांची ती ओबडधोबड चळत डोळ्यांदेखत गोल झाली. चांदीचे केस गळावेत तसा बारीक कीस खाली पडत होता. ठोकळे सोडले तेव्हा चकत्या वहीच्या पानांसारख्या सुट्या झाल्या, एकीलाही चुणी नाही. मी एक तळहातावर घेतली. माझ्या श्वासानेही ती हलत होती.

ग्रामोफोन लागला. सासरे त्याच्याकडे बघतच नव्हते, सासूबाईंकडे बघत होते. म्हणाले, "परत लाव." त्या म्हणाल्या, "थांबा, आधी डोळे पुसू दे. कीस गेलाय."

वहिनींना नमस्कार.

तुझी,
धाकटी

ता. क. तुमच्या दिवाणखान्यातला पंखा करकरतो, हे मी आनंदाच्या भरात बोलून गेले. सासूबाई रविवारी येताहेत. लेथसकट.

ता. ता. क. सोफा आजच हलव. आणि वहिनींना तू सांग, मी नाही.