मागच्या सीटवर कोणाला बसवू

आबा, अर्धंच विमान काढून ठेवायची ही कुठली पद्धत? कागद संपला म्हणावं तर त्याच वहीत पुढची सगळी पानं कोरी. डावी बाजू अशी काढलीत की पत्रा जोडायचं एकेक रिबीट मोजून घ्यावं, आणि उजवीकडं नुसती एक उभी रेघ मारून मोकळे. आपण बोललो नाही तरी समोरच्याला कळतं, असं तुम्हाला जन्मभर वाटत आलं. भाजीत मीठ कमी असलं तर तुम्ही सांगायचा नाहीत, नुसतं ताट इंचभर पुढं सरकवायचात, आणि आई उठायची. आई समोर होती म्हणून चाललं. तुम्हाला जाऊन एकोणीस वर्षं झाली. मी कुणाचं ताट बघून ओळखायचं?

आई गेल्यावर वही तिच्या ट्रंकेत सापडली, साड्यांच्या खाली. भावजय म्हणाली, "ताई, रद्दीत टाकू का? विमानं-बिमानं दिसतायत." मी हिसकावूनच घेतली. विमानाच्या कारखान्यात तुम्ही एकतीस वर्षं पत्र्याचं काम केलंत, आणि घरात त्यातलं काय आलं? रोज संध्याकाळी कंपनीची बस कोपऱ्यावर सोडायची, मी विचारायची, आज काय केलं, आणि तुम्ही म्हणायचात, पत्रा ठोकला. एकतीस वर्षं एकच उत्तर. मला तर वाटायचं, एकच पत्रा आहे आणि तोच ठोकताय.

त्याच आठवड्यात विहाराच्या वाचनालयात ठरलं की आपल्या वस्तीतल्या कामगारांच्या हातच्या वस्तू मांडायच्या, शेजारी कार्ड लिहून ठेवायचं. कुणी नोटांच्या प्रेसमधले शिक्के आणले, कुणी एकलहऱ्याच्या पॉवर स्टेशनातलं बापाचं हेल्मेट आणलं. मी उभी राहून बोलून गेले, मी माझ्या आबांचं विमान आणते. बोलून झाल्यावर लक्षात आलं की विमान नाहीच, नुसतं चित्र आहे, तेही अर्धं. माझं हे असंच असतं, तुम्हाला माहीत आहे.

शाळा माझी चौथीपर्यंत, पण माप मला कळतं. अठ्ठावीस वर्षं ब्लाऊज शिवतेय. तुमच्या वहीत वर लिहिलंय, चोवीसावा हिस्सा. म्हणजे खरं विमान चोवीस इंच तर माझं एक इंच. पावणेदोन फुटांचं होतंय. तेलाचा डबा कापून पत्रा काढला, आत देवदाराच्या खोक्याची फळी. आणि अर्धं चित्र बघून मी तेच केलं जे कुठलीही टेलर करेल. आम्ही ब्लाऊजचा कागद अर्धाच काढतो, आबा. कापड घडी घालायचं, घडीवर कागद ठेवायचा, एकदा कात्री चालवली की दोन्ही बाजू सारख्या. मला वाटलं, चला, आबांनीही माझ्यासारखंच केलंय. फार बरं वाटलं त्या दिवशी. पत्र्याची घडी घातली, कापला. पोटाखाली डाव्या बाजूला तो जो फुगवटा आहे, तो उजव्या बाजूलाही केला. एकेका फुगवट्याला पाच दिवस गेले. वाळूच्या पिशवीवर पत्रा ठेवून लाकडी हातोडीनं हळूहळू ठोकायचा. जरा जोर झाला की फाटतो. तीन फाटले. तेव्हा पहिल्यांदा कळलं, पत्रा ठोकला म्हणजे काय ते.

मग सिडकोतून तुमच्या खात्यातले काका आले. आता काठी लागते, पण जीभ तशीच. विमान फिरवून फिरवून बघितलं आणि म्हणाले, "पोरी, हे विमान हाय का गाढव? दोन्हीकडनं गोण्या लादल्यात."

मी म्हटलं, आबांनी अर्धंच काढलंय, त्याला मी काय करू.

"अर्धं नाय काढलं. जेवढं बदललं तेवढंच काढलं. उजवी बाजू जशी आधी होती तशीच ऱ्हायली, ती कशाला काढायची? ती आम्हाला झोपेत यायची."

दहा दिवसांचं काम माझं, आणि काका बिस्किट बुडवून खातायत. राग आला. पण त्यांनी पुढं जे सांगितलं ते ऐकून मी राग विसरले. हे मूळचं लढाईचं विमान, एकाच माणसाचं. त्याच्या बंदुका काढल्या. वैमानिकाच्या मागं जागा करून दुसरी सीट बसवली. डाव्या पोटाखाली लोखंडी तारेचं भलंमोठं रीळ लावलं आणि त्यावर हा फुगवटा. आकाशात गेल्यावर मागचा माणूस रीळ सोडायचा, तार लांब लांब जायची, आणि तिच्या टोकाला कापडाची लांब पोकळ नळी, तिला बाही म्हणायचे. बाकीची विमानं येऊन त्या बाहीवर गोळ्या मारायला शिकायची. आणि हे पुढं सरळ उडत राहायचं. हातात काही नाही, उलटून मारायचं नाही, वाकडं व्हायचं नाही. अंगावर पिवळे-काळे पट्टे, कशासाठी, तर पोरांनी चुकून यालाच मारू नये म्हणून.

मी विचारलं, असं विमान करायला सांगितलं तेव्हा आबा काय म्हणाले?

"काय म्हणणार? पत्रा मागितला."

आबा, मी आयुष्यात हजारो बाह्या शिवल्या असतील, पण विमानामागं बांधायची ही पहिलीच. अस्तराचं पातळ कापड घेतलं, करंगळीएवढी नळी केली. रिबिटांच्या ओळींसाठी आमचं खुणा करायचं दातेरी चाक पत्र्यावरून फिरवलं. एकसारखे बारीक ठिपके उठले. स्वयंपाकघराच्या ओट्यावर, पोळपाटाशेजारी, उजेडात धरून बघितलं तर ठिपक्यांची ओळ फुगवट्यावर चढते, वळते, आणि शेपटीकडं निघून जाते. कुठं तुटत नाही. वहीतल्या तुमच्या मापात आणि माझ्या पत्र्यात दोऱ्याएवढाही फरक नाही. तो आकार आधी कुणी केलेला नव्हता, काका सांगतात. साचा नव्हता. तुम्ही हातानं, डोळ्यानं, ठोकून ठोकून काढलात, आणि तो आभाळात गेला. मी ते फिरवून फिरवून बघत बसले. डाळ लागली तरी कळलं नाही.

उजवा फुगवटा काढून टाकला, ती बाजू नवीन केली. पट्टे रंगवले. शर्टाच्या खोक्याच्या पारदर्शक झाकणातून दोन काचा काढल्या, पुढची एक, मागची एक. आता फक्त त्या चिकटवायच्या राहिल्यात. हा डिंक एकदा धरला की सोडत नाही, काच उचकटायला गेलं तर विमानाची पाठच फाटेल. पुढच्या सीटवर वैमानिक बसवलाय, मण्याचं डोकं आहे त्याला. मागची सीट रिकामी आहे. आणि माझी खरी अडचण तिथंच आहे.

परवा काका पुन्हा आले. मागच्या सीटवर बोट ठेवून म्हणाले, "हितं तुझा बाप बसला होता. रीळ आधी अडकायचं, जमिनीवर चालायचं आणि वर गेलं की अडकायचं. साहेब म्हणाले, ज्याला रीळ कळतंय तो वर गेला पायजे. रीतसर कागद केला, सही घेतली. लय लांब जाऊन आला."

मी म्हटलं, तुम्ही डोळ्यांनी बघितलं?

काकांनी सीटवरचं बोट काढून घेतलं. "मी शेडमधी होतो. धावपट्टीवर पळवून आणलं का वर नेलं, ते नाय बघितलं. पण उतरला तेव्हा पाय असे टाकत होता, जसं काय जमीन पोचायची बाकी हाय."

आता यावर मी काय करायचं? काका मागच्या वर्षी माझ्या लग्नाची गोष्ट सांगताना मला नसलेल्या दोन बहिणी देऊन बसले होते. विहारात कार्डावर लिहायचंय, हे आबांनी केलं, आणि ते यातून उडाले. तुम्हाला बसवलं आणि तुम्ही गेलाच नसाल, तर तुमच्या नावानं वस्तीसमोर खोटं मांडलं. खोट्यावरून तुम्ही मला एकदाच मारलं होतंत, ते गालाला अजून आठवतं. आणि जागा रिकामी ठेवली, आणि तुम्ही खरंच वर गेला होतात, तर तिथून तुम्हाला मीच उठवलं. जाणारेयेणारे बघतील आणि म्हणतील, पत्रेवाल्याचं काम.

या पत्राला पाकीट आणलेलं नाही, आणायचं नाहीये. पण एक सांगते, जे काकांना सांगितलं नाही. मी बारा-तेरा वर्षांची असेन. एकदा तुम्ही बसमधून उतरून घरात आलाच नाहीत, बाहेर दगडावर बसून राहिलात. मी पाणी घेऊन आले. तुम्ही तांब्या हातात धरलात, प्यायला नाहीत, आणि म्हणालात, "आपलं घर केवढंसं आहे माहितीय का तुला? आणि गोदावरी बघितलीस तर..." मी ताडकन म्हणाले, माहीत नसायला काय झालं, रोज मीच झाडते. पाय धुवा आणि आत या, भाकरी गार होतेय. तुम्ही हसलात आणि पाय धुतलेत. नदीचं पुढं काय, ते मी विचारलं नाही. त्या दिवशी मी रोजचा प्रश्नही विचारला नव्हता, कारण उत्तर मला पाठ होतं.

तो दिवस काका म्हणतात तोच होता की दुसरा कुठला, मला खरंच माहीत नाही. नदी पुलावरूनही दिसते. म्हणून विचारतेय. मातीचा माणूस करून ठेवलाय, खाकी सदरा घातलाय, कान तुमच्यासारखे जरा पुढं आलेत. प्रदर्शन रविवारी आहे. डिंक सुकायला एक दिवस पूर्ण लागतो. तुम्ही गेला होतात की नाही, हो किंवा नाही एवढंच सांगा, कसंही सांगा, पण शुक्रवारी दुपारी चारच्या आत सांगा. चारला मी काच चिकटवायला घेणार.