लाजेच्या समीप

प्रिय शांतवन,

प्रभूच्या नावाने सलाम. तू फोन उचलत नाहीस, म्हणून हे पत्र लिहून नाताळच्या सुट्टीला आलेल्या शेजारच्या अंजूच्या हाती देते आहे. ती सोमवारी पुण्याला परत निघाली आहे. तुझी खोली कुठे आहे ते तिला ठाऊक आहे हे मला आत्ता कळलं. इतके महिने ती माझ्याशी खोटं बोलली, पण मी तिला रागावले नाही. तू शपथ घातली असशील. मीही या महिन्यांत काही कमी खोटं बोललेले नाही. शांतवन कुठे दिसत नाही असं कुणी विचारलं, की कंपनीत लागलाय, सुट्टी मिळत नाही, असं सांगायचे. ऐकणारा मान हलवायचा आणि दुसरीकडे बघायचा. कडा गावात सगळ्यांना सगळं माहीत असतं रे.

नाताळ झाला. कसा झाला ते तुला सांगायचं आहे. मधेच वाचणं सोडू नको.

डिसेंबर लागला तशी देवळात नाताळच्या गाण्याची तालीम सुरू झाली. मी गेले नाही. एके दिवशी पाळकीणबाई घरी आल्या. म्हणाल्या, "वनमालाबाई, तुमच्याशिवाय गाणं उचलतच नाही." मी म्हटलं, घसा बसलाय. त्यांनी सुंठ-गूळ आणून दिला, मी घेतला. घसा ठणठणीत होता. पण त्या मंडळींपुढं उभी राहून, आनंद करा, तारणारा जन्मला, असं कुठल्या तोंडानं गाणार होते मी? लग्न होऊन या गावात आले तेव्हापासून एकही नाताळ माझ्या गाण्यावाचून गेला नव्हता. तुझ्या आजोबांची, सुंदररावांची, ती रचना. ते वीणा घेऊन आष्टी तालुक्यात गावोगाव ख्रिस्ताचं कीर्तन करत फिरायचे, तेव्हाची. त्यांनी मला चुलीपुढं बसवून ती शिकवली होती. आठवतं ना?

गव्हाणीच्या गवतात ठेवियेला दीप,
देव आला माणसाच्या लाजेच्या समीप.

तू लहान असताना मला विचारलं होतंस, आई, लाजेच्या समीप म्हणजे काय गं? मी म्हटलं होतं, यमक जुळवलंय आजोबांनी, तू ढोलकीकडं लक्ष दे.

यंदा दारावर चांदणी लावली नाही. चोवीस तारखेला दिवेलागणीला गाण्यांची फेरी आपल्या गल्लीत शिरली. लांबून झांजा ऐकू आल्या तशी मी उठले आणि लाइट घालवली. कडी लावून दाराच्या मागं भिंतीला टेकून बसले. वाटलं, घर बंद बघून पुढं जातील. पण गेले नाहीत. दारातच उभे राहिले आणि आजोबांचंच गाणं धरलं. तुझ्या जागी ढोलकीवर तो भागवत बसला होता. त्याचा हात अजून कच्चा आहे, दुसऱ्या कडव्याला लय पळाली. वरचा सूर कुणालाच घेता येईना. दर वर्षी तो मी घेते. तो सूर माझ्या गळ्यापर्यंत आला होता, शांतवन. मी पदराचा बोळा तोंडात धरला. प्रभूच्या जन्माची वार्ता माझ्या उंबऱ्यावर उभी, आणि मी आपल्याच घरात चोरासारखी दडलेली. गाणं संपल्यावर पाळक मोठ्यानं म्हणाले, "वनमालाबाई, नाताळच्या शुभेच्छा बरं का." म्हणजे मी आत आहे हे त्यांना कळलं होतं. ती मंडळी गेल्यावरही मला लाइट लावायचा धीर झाला नाही.

दुसऱ्या दिवशी उपासनेला जायचंच नाही असं ठरवलं होतं. सकाळी शेवटच्या करंज्या तळत होते. सण करायचा नव्हता, तरी हात गप्प बसेनात. तेवढ्यात दारात शाईस्ता येऊन उभी राहिली.

तू तिला पोळ्याच्या आदल्या दिवसापासून पाहिलेलं नाहीस. मी पाहते. ती समोरून आली की मी रस्ता बदलते. बाजारातून जायचं झालं तर कांद्याच्या आडतीमागून वळसा घालते, कारण तिच्या नवऱ्याचा, इलियासचा, फळांचा गाडा जिथं लागायचा तो कोपरा मला बघवत नाही. तू दारू पिऊन पिकअप त्या गाड्यावर घातलास तिथं अजून रस्त्याला ओरखडा आहे. नगरच्या दवाखान्यात त्याचा पाय गुडघ्याखालून काढला हे तुला कळलं असेल. नसेल कळलं, तर आता कळलं.

मला वाटलं, भांडायला आली. बरंच झालं असतं. ती उंबऱ्याच्या बाहेरूनच म्हणाली, "मावशी, दर साली नाताळाचं ताट येतंय आमच्याकडं. औंदा कावून न्हाई आलं?"

मी कढई खाली उतरवली. म्हटलं, "शाईस्ता, कुठल्या तोंडानं देऊ?"

ती म्हणाली, "माफी मागू नका, मी देनार न्हाई. माझ्यानं व्हत न्हाई ते. पन अदिबा सकाळधरनं ईचारायली, करंज्या आल्या का म्हनून. लेकराला काय सांगू मी? तुमी आमच्याशी तोडलं म्हनून सांगू?"

एवढं बोलून ती निघाली. मी ताट भरलं, वर रुमाल टाकला आणि तिच्या मागोमाग चालू लागले. गल्लीतली माणसं बघत होती. माझी मान वर होत नव्हती. तिच्या चपलांकडं बघत बघत मी तिच्या घरी पोचले.

इलियास खाटेवर होता. मला बघून त्यानं भिंतीकडं तोंड फिरवलं. अदिबानं ताट घेतलं आणि तिथंच एक करंजी मोडून खाल्ली. मी उभीच. बस कुणी म्हटलं नाही, आणि न म्हटलेलंच बरं होतं. तो भिंतीकडंच बघत बोलला, "मावशी, गाडी अंगावर आली त्ये माझं नशीब म्हनलो मी. पन शांतवन पळाला कावून? माझ्याकडनंच पपई खाऊन मोठा झाला त्यो. दवाखान्यात दार वाजलं की वाटायचं, आला. एकदाबी आला न्हाई. पाय जाऊन दुखायचा थांबला, हे थांबंना."

डोक्यावर पदर घेतला आणि बाहेर पडले. पाय घराकडं वळले नाहीत, देवळाकडं वळले. का ते मला अजून नीट सांगता येत नाही. अंगावर तळणाच्या वासाचं रोजचं लुगडं, सगळ्या बाया नव्या साड्यांत. उपासना अर्ध्यावर आली होती. पाळक मरीयेविषयी बोलत होते. म्हणाले, आपण तिला निळ्या वस्त्रात, डोईभोवती तेज असलेली बघतो. पण नासरेथच्या पाणवठ्यावर बायांनी तिच्याकडं बघून काय काय कुजबुज केली असेल? प्रभू मानाच्या घरी आला नाही, जिच्याकडं बोटं होती तिच्या पोटी आला. मी मागच्या चटईवर बसून ऐकत होते. आणि आजोबांची ती ओळ इतक्या वर्षांनी माझ्या अंगावर आली. ते यमक नव्हतं रे. मी किती वर्षं नुसतीच गात होते.

मंडळीपुढं उभं राहून मनातलं सांगायची, साक्षीची वेळ आली तशी मी उठले. म्हटलं, "माझा शांतवन कंपनीत न्हाई. तो लपून बसलाय. त्यानं इलियासचा पाय घेतला आणि पळाला, आणि मी तुमाला सगळ्यांना खोटं सांगत आले. काल तुमी दारात आलात, तवा मी आत होते." मग खाली बसायचं सोडून मी गाणं धरलं. आवाज फाटला. वरच्या सुराला तर पार तुटला. कुणी सावरायला आलं नाही, माझी मीच तो पुन्हा धरला. दुसऱ्या कडव्याला पाळकीणबाई मिसळल्या, मग एकेक जण. चांगलं नव्हतं झालं गाणं. पण मी या आधी कधी खरं गायले होते असं आता मला वाटत नाही.

लाज गेली असं समजू नको. ती आहे, जेवताना घासाबरोबर खाली जाते. एवढंच, की आता तिच्यात मी एकटी नाही. प्रभू तिथं जवळ येऊन बसला आहे असं वाटतं. मला वाटलं होतं आधी लाज धुवायची, मग त्याच्यापुढं जायचं. उलटं निघालं.

आता हे पत्र कशासाठी, ते सांगते. नाताळ उलटल्यापासून इलियासचा गाडा मी लावते आहे. शाईस्ता माल आणते, पोरं बघते, इलियासला बघते, तिला उभं राहायला वेळ नाही. मी लावू का म्हणून तिला विचारलं, तिनं तराजू माझ्यापुढं ठेवला. माफी अजून दिलेली नाही, देईल असंही नाही. त्याच कोपऱ्यावर उभी राहते मी, पपई आणि केळी विकते. लोक काय बोलायचं ते बोलतात. तू ये, शांतवन. माझ्यासाठी येऊ नको, कोर्टाच्या तारखेसाठीही येऊ नको, ती पुढं आहेच. दिवसाउजेडी ये. एसटीतून उतरलास की तोंडाला रुमाल बांधू नको आणि आपल्या घराकडं वळू नको. आधी इलियासच्या दारी जा. तो भिंतीकडं तोंड फिरवेल. फिरवू दे. तू उभा राहा. एकट्यानं आत जायचा धीर झाला नाही, तर कोपऱ्यावर गाड्यापाशी ये. मी गाडा झाकून तुझ्याबरोबर चालेन.

जशी आहे तशी, तुझीच

आई