टेबलावर ठेवलेला हात

आई,

मी डॉक्टरांकडे जाऊन आले. तिथे मी जे केलं ते तुला सांगायचं म्हणून बसले आहे, पण लगेच सांगवत नाही. तू असतीस तर म्हणाली असतीस, आधी कुकर लाव, मग काय रडायचं ते रड. म्हणून कुकर लावलाय आणि आधी इकडचं तिकडचं सांगते. तू काम करायचीस त्या फोटो स्टुडिओच्या जागी आता मोबाईलची कव्हरं विकतात. वरच्या मजल्यावरची तुझी उत्तरेकडची खिडकी मात्र आहे तशीच आहे, काचेला कुणीतरी वर्तमानपत्र चिकटवलंय एवढंच. बाजारात जाताना मी मान वर करून बघते आणि मागून येणारे स्कूटरवाले माझ्यावर हॉर्न वाजवतात.

अजून डोळ्यांपुढे आहे: शाळा सुटली की मी थेट तिथे येते. तू रिटचिंगच्या, म्हणजे निगेटिव्हवरचे डाग झाकायच्या, डेस्कवर वाकलेली असतेस. तिरप्या दुधी काचेवर कुणाचा तरी चेहरा उलटा उजळलेला, केस पांढरे, दात काळे. तुझी पेन्सिल सँडपेपरवर घासून सुईसारखी केलेली. तू ती निगेटिव्हवर टेकवतेस असं म्हणणंही चूक, नुसती जवळ नेतेस, आणि दुसऱ्या दिवशी त्या मुलीच्या फोटोत मुरमांचे खड्डे नसतात. एकदा तू चहा प्यायला उठलीस तेव्हा मी एका म्हाताऱ्या बाईचा सगळा चेहरा गुळगुळीत करून टाकला. मला वाटलं शाबासकी मिळेल. तू पाठीत असा धपाटा घातलास की मालक आतून धावत आले. "सगळ्या सुरकुत्या काढून टाकल्यास? आता घरचे तिला ओळखणार कशावरून?" मग तू खोडरबर न चालणाऱ्या त्या निगेटिव्हवरून सगळं पुसून काढत बसलीस.

तुझा हात कधी थरथरायला लागला ते मला सांगता येणार नाही. मला आठवतं ते स्वयंपाकघर. पाहुणे आलेत, तू गाळणं धरून उभी आहेस आणि म्हणतेस, "तू ओत गं, मला मघाशी चटका बसलाय." चटका बसलेलाच नव्हता. पाहुणे गेले की तू उजवं मनगट डाव्या हातात असं धरून बसायचीस, जणू कुणाचं तरी मूल सांभाळायला घेतलंय. स्टुडिओत तू सांगितलंस की डोळे अधू झाले. चष्मा केलास! तुझी नजर चांगली होती, त्या चष्म्याने तुझं डोकं दुखायचं, तरी तू तो लावायचीस. डोळे गेले म्हटलं की लोक हळहळतात, म्हणायचीस. रिटचिंग करणाऱ्या बाईचा हात गेला म्हटलं की लोक तिचे जुने फोटोसुद्धा काढून बघतात, कुठे रेघ हललीय का म्हणून. मालकांनी तुला मानाने निरोप दिला, शाल दिली, आणि गल्लीत सगळे म्हणाले, बिचारीचे डोळे गेले. आणि मला तू जवळ बसवून म्हणालीस, "हाताचं कुणाला बोलायचं नाही. माझी शपथ आहे तुला." डॉक्टरला तर नाहीच नाही. पुढे तू गेलीस ती तापाने. हाताला काय झालं होतं ते कुणीच तपासलं नाही.

माझं काम तू थोडंफार पाहिलंस. मी एका विज्ञान संस्थेच्या प्रयोगशाळेत टेक्निशियन होते आणि साहेब घरी गेले की लेसर वापरायची परवानगी होती. पितळी निरांजनाचा पहिला होलोग्राम, लेसरने काचेवर उमटवलेला, मी घरी आणला तेव्हा तू काचेच्या पुढून पाहिलंस, मान डावीकडे केलीस, उजवीकडे केलीस, निरांजनाची मागची बाजू दिसली तशी दचकलीस आणि काच उलटी करून मागे हात फिरवलास. मग म्हणालीस, "सगळं खरं, पण ह्याच्यावर पेन्सिल कुठे टेकवायची?" आई, त्याच दिवशी मी ठरवलं की चेहरे करायचे. ज्याच्यावर पेन्सिल टेकवता येत नाही असा चेहरा. लोक मुलाखतीत विचारतात की ही कला कशी सुचली, आणि मी प्रकाशाबद्दल काहीतरी भारी बोलते. खरं हे आहे.

आणि मग मी तुला खुर्चीत बसवलं. वाळू भरलेलं ते टेबल, त्याच्याखाली स्कूटरच्या ट्यूब, म्हणजे रस्त्यावरची लॉरीसुद्धा टेबलाला कळू नये. मी म्हटलं, श्वास रोखून बस, पापणी हलवू नकोस. तू बसलीस. काचेची प्लेट धुऊन वाळवून उजेडात धरली तर वेताची खुर्ची दिसत होती, तिची वीण न् वीण, बाजूचा स्टीलचा पेला दिसत होता, आणि खुर्चीत तुझ्या आकाराचा काळोख. त्या लेसरचं तसंच असतं. केसाच्या हजाराव्या भागाइतकं जे हलतं ते उमटतच नाही, आणि जिवंत माणूस तेवढं हलतोच, त्याची नाडीच त्याला हलवते. मला ते वाचून माहीत होतं, पण मला वाटलं होतं माझी आई उमटेल. तू बराच वेळ त्या काळोखाकडे बघत होतीस. मग हळूच म्हणालीस, "माझ्यामुळे बिघडली ना? मी सगळा वेळ हात मांडीखाली दाबून धरला होता गं." मी म्हटलं, आई, कुणीही बसलं असतं तरी हेच झालं असतं. तू मान हलवलीस. तुला पटलं नव्हतं, आणि पटलं नाही हे मला दिसलं होतं. पण मला नोकरी सांभाळून करत होते त्या कॉलेजच्या परीक्षेला जायचं होतं.

तू गेल्यावर दुसरा लेसर आला, इतका क्षणिक लखलखाट करणारा की माणूस हलायच्या आत उमटतो. मग मी माणसं करायला लागले. निवृत्त न्यायाधीश केले, वीणा वाजवणाऱ्या एक बाई केल्या, जुळ्या बहिणी केल्या. लोक प्लेटसमोर आले की आधी हसतात आणि मग तक्रार करतात की कातडी मेणासारखी दिसते. पेन्सिल नाही ना चालत! प्रदर्शनं झाली, परदेशात झाली. मध्ये बरीच वर्षं कुणी विचारलं नाही तेव्हा मी पोरांना फिजिक्स शिकवलं. आता पुन्हा विचारतात, पण काय विचारतात बघ. परवा कोरमंगल्याच्या एका कंपनीतला, मूळ पुण्याचा मुलगा आला होता. "मॅम, आमच्या फाउंडरच्या फादरचं करायचंय. बेसिकली ते लॉबीत उभे राहून सगळ्यांना वेलकम करतील, असं काहीतरी." मी विचारलं, ते कधी येऊ शकतील बसायला? तो म्हणाला, "नाही, ते एक्स्पायर झालेत, पण त्यांचे व्हिडिओज आहेत ना!" मी त्याला चहा पाजून परत पाठवला. चहा त्यानेच ओतून घेतला.

हो. तेच सांगते आहे. माणसाची मूळ प्लेट त्या लखलखाटात होते, पण तिच्यावरून भिंतीवर लावायची प्लेट करावी लागते, आणि ती करते मी घरी, खालच्या खोलीत, त्याच जुन्या पद्धतीच्या वाळूच्या टेबलावर. ती अंधारात धुवायची असते. पावसाळ्याच्या आधी एकदा मी वीणेवाल्या बाईंची प्लेट धूत होते आणि कुठूनतरी बारीक किणकिण ऐकू यायला लागली. मला वाटलं मेट्रोने खिडकी वाजतेय. खिडकी वाजत नव्हती. माझ्या हातातली काच ट्रेच्या कडेवर वाजत होती. मी ती पाण्यात सोडून दिली आणि अंधारात तशीच उभी राहिले. ती प्लेट वाया गेली.

त्या दिवसापासून मी कुणाला तारीख दिलेली नाही. प्रदर्शनवाल्यांना सांगते, लेसर दुरुस्तीला गेलाय. लेसर इथेच आहे, ठणठणीत आहे. तुझा चष्मा तसा माझा लेसर.

मग मी एक वेडेपणा सुरू केला, आणि तो माझ्या धंद्यातलं माणूसच करू जाणे. प्लेट लावण्याआधी टेबल शांत आहे की नाही ते बघायची आमची एक रीत आहे. लेसरचा किरण दोन वाटांनी फिरवून पुन्हा एकत्र आणायचा आणि भिंतीवर पाडायचा. भिंतीवर उजेड-अंधाराचे पट्टे दिसतात. टेबल निवांत असेल तर पट्टे थांबतात. कुठे काही हललं की पट्टे धावायला लागतात. मी टेबलाच्या कडेवर हात ठेवला. पट्टे ताकात रवी फिरावी तसे घुसळून निघाले. दुसऱ्या दिवशी पुन्हा ठेवला. रोज सकाळी अंघोळ करून देवाला हात जोडायच्या ऐवजी मी तिथे जाऊन हात ठेवायची आणि भिंतीकडे बघायची, आणि रोज मला वाटायचं कालच्यापेक्षा वाढलंय. मग डावा हात ठेवला. तोही तसाच. मग म्हटलं संपलं, दोन्ही गेले. जेवण जाईना. ज्या बाईने आयुष्यभर लोकांना सांगितलं की जिवंत माणूस स्थिर नसतो, ती स्वतःचा हात स्थिर नाही म्हणून भिंतीसमोर रडत होती.

वरच्या मजल्यावर राहणाऱ्या अक्का तुला माहीत नाहीत, त्या नंतर आल्या. त्यांची माणसं चार पिढ्यांपासून इथली, मराठी बोलतात पण कन्नडात बुडवून. मी प्लेट लावते तेव्हा त्यांनी ग्राइंडर बंद ठेवायचा असा आमचा करार आहे. त्या दिवशी त्या जिन्यावरून ओरडल्या, "झालं की नाही गं? तांदूळ भिजून फुटायला लागलेत, ग्राइंडर लावू?" मी आवाज दिला नाही म्हणून खाली आल्या. मी कशी दिसत होते कोण जाणे. मी म्हटलं, अक्का, जरा इथे हात ठेवा.

"शॉक बसेल काय?"

"नाही बसत. स्वल्प ठेवा फक्त."

त्यांनी रोज पीठ मळणारा, चांगला दणकट हात घट्ट ठेवला. पट्टे घुसळून निघाले. माझ्यापेक्षा जास्तच.

"अय्यो, ह्ये काय? माझा हात हलतोय? मला काय झालं गं आता?"

"काही झालं नाही अक्का. सगळ्यांचं हलतं. रक्त वाहतं ना आतून."

"सरी, बरं. मग तू कशाला रडतेस?"

मी हसले. किती दिवसांनी हसले! अक्कांना काही कळलं नाही, पण त्याही हसल्या, वर गेल्या आणि कालच्या डोशाच्या पिठाचा स्टीलचा डबा घेऊन परत आल्या. मी तो घेतला, ओट्याकडे निघाले, आणि अक्का मागून म्हणाल्या, "झाकण का वाजतंय गं?"

त्यांनीच जयनगरच्या डॉक्टरांची वेळ घेतली. बरोबर येते म्हणाल्या, मी नको म्हटलं.

डॉक्टर तरुण आहेत, बोलायला मऊ. त्यांनी मला कागदावर गोगलगाईच्या शंखासारखी गोल गोल रेघ काढायला लावली, बोटं आपटायला लावली, एका पेल्यातून दुसऱ्या पेल्यात पाणी ओतायला लावलं. ओतताना मी त्यांच्या टेबलावर सांडलं आणि म्हटलं, चष्मा विसरले. मग त्यांनी विचारलं, "घरात कुणाचा असा हात थरथरायचा? आई, वडील?"

मी म्हटलं, "नाही. कुणाचाच नाही."

विचार करायला क्षणसुद्धा लागला नाही. त्यांनी ते लिहून घेतलं आणि समजावून सांगायला लागले की थरथर दोन-तीन प्रकारची असते. एक घराण्यातून येते, ती बऱ्याचदा साधी, गोळीने आटोक्यात राहते, माणूस काम करत राहू शकतो. दुसरी वेगळी, तिचं नाव घ्यायची घाई नको. "तुमच्या घरात कुणाला असतं तर मला थोडं बरं वाटलं असतं," असं म्हणाले. शब्दशः असं म्हणाले, आई. समोर माणूस सांगतोय की तुझ्या आईचा हात सांग, तोच कदाचित तुला वाचवेल, आणि माझं तोंड उघडेना. त्यांनी आणखी तपासण्या लिहून दिल्या. पुढच्या आठवड्यात पुन्हा बोलावलंय. येताना ऑटोत मी हात मांडीखाली घेऊन बसले होते.

तेव्हापासून मी स्वतःला सांगते आहे की तू शपथ घातली होतीस. अक्कांनाही तसंच सांगितलं. त्या चिडल्या. "मेलेल्या माणसाला काय होणार तुझ्या शपथेनं? उद्या फोन कर आणि सांग त्यांना, आईचा होता म्हणून." उद्या मी फोन करणार आहे. करीन असं वाटतंय. जगाच्या लेखी तुझे डोळे गेले होते, ते तसंच राहू दे. एका डॉक्टरला तेवढं कळेल.

कुकर कधीचा झालाय. हे मी पोस्टात टाकणार नाही, टाकणार तरी कुठे, आणि नाही ते बरंच आहे, कारण वाचून तुला वाईट वाटलं असतं. शपथेचं मी अक्कांना सांगितलं ते खरं नाही. मला शपथ आठवलीच नव्हती, ती आठवली ऑटोत बसल्यावर. तुझ्यासारखी नजर हवी, तुझ्यासारखं कसब हवं, म्हणून मी सगळा जन्म घालवला, आणि त्यांनी "आई?" असं विचारलं तेव्हा मला फक्त तुझ्यासारखं व्हायचं नव्हतं.