चिंधी बांधलेलं वांगं

३ ऑक्टोबर

आजपासून माझी वही लिहिणारी बदलली. आतापर्यंत आशू लिहायची, माझी नात. आता वैशाली लिहील. ही वरच्या खोलीत भाड्याने राहते, वर्ध्याची, कॉम्प्युटरच्या कंपनीत आहे. तिला म्हटलं, रोज संध्याकाळी एक कप चहा मिळेल आणि माझी बडबड. चहावर तयार झाली.

मला अक्षर येत नाही. मंडईत चाळीस वर्षं वांगी विकली, तिथे अक्षराचं काम पडलं नाही. वांगं नुसतं हातात घेतलं की आत अळी आहे का ते कळायचं. माणसाचं तेवढं कळत नाही. हे जरा उशिरा कळलं.

का बदलली ते उद्या. आज जीव नाही.

("सगळं लिहू का?" असं मी विचारलं. आजी म्हणाल्या, शिंकले तरी लिही. — वै.)

४ ऑक्टोबर

तर ते असं. गेल्या रविवारी आशूच्या कंपनीत घरच्या माणसांना बोलावलं होतं. कंपनी बियाण्यांची. आशू तिथे प्रयोगशाळेत असते, पांढरा कोट घालते. दिलीप, म्हणजे माझा मुलगा, आशूचा बाप, नवीन गाडीतून सगळ्यांना घेऊन गेला. वारज्याहून निघालो तो हडपसर येईपर्यंत गाडीचंच कौतुक.

तिथे एक जाळीचं घर. आत जायचं नाही, बाहेरूनच बघायचं. दाराला दार, त्याला आणखी दार. म्हटलं, देवळातसुद्धा एवढं सोवळं नाही गं. आशू हसली. तोवर हसत होती.

आत ओळीने झाडं. वांगी लागलेली. हिरवं अंग, पांढऱ्या रेघा, देठाशी जांभळट, देठाला काटे. मी जाळीला नाक लावलं.

ते माझं वांगं होतं. माझ्या परसातलं. लोणी काळभोरहून आम्ही वेगळे निघालो तेव्हा सासूने माझ्या पदराला गाठ मारून दिलं होतं ते. भांडी दिली नाहीत, बी दिलं. आपलं लेकरू दुसऱ्याच्या ओसरीवर जेवताना दिसावं, तसं झालं.

"कुणाचं गं हे?"
"कंपनीचं, आजी."
"नाव काय?"
"नाव नसतं. नंबर असतो. सतरा."

तेवढ्यात तिचे साहेब आले. भला माणूस, वाकून नमस्कार केला. म्हणाले, "आजी, तुमच्या वहीचा फार उपयोग झाला आम्हाला. अश्विनी मॅडमनी सगळी टाइप करून दिली."

मी आशूकडे बघितलं. आशू आपल्या चपलांकडे बघत होती.

येताना गाडीचं कौतुक नव्हतं. दिलीप एकदा म्हणाला, "एसी वाढवू का?"

६ ऑक्टोबर

उंदराची माफी मागायची राहिली आहे. चार वर्षांमागे बियाच्या डब्यात बी कमी दिसलं. मी उंदरावर आळ घेतला. पिंजरा लावला, आठ दिवस भजी घातली. त्या गरिबाचा काही संबंध नव्हता.

८ ऑक्टोबर

आशूचा फोन. त्या रविवारपासून ती हडपसरलाच मैत्रिणीकडे राहते. समजावत होती. मी ऐकलं, मी काही आडमुठी नाही.

म्हणे, मातीत एक जंतू असतो. त्याचा एक गुण उचलून वांग्याच्या बीजात बसवला. आता शेंडा पोखरणारी अळी झाडाला तोंड लावते आणि मरते. शेतकऱ्याची औषधफवारणी वाचते.

मी विचारलं, "आणि आपण खाल्लं की?"
"अळीचं पोट वेगळं आणि माणसाचं वेगळं, आजी."
"तुझ्या आजोबांचं नव्हतं."

हसली नाही. म्हणाली, "मी चांगल्यासाठीच केलं." खरं असेल. औषध मारून मारून लोणीला माझ्या दिराचे हात सोलून निघायचे, ते मी बघितलंय. अळी मेली तर मी काही सुतक पाळणार नाही.

पण बी मागून न्यायचं असतं. आमच्यात तशी रीत आहे. बी विकत नाहीत. मागणारीने पदर पसरायचा, देणारीने ओंजळ टाकायची, आणि पुढच्या वर्षी मागणारीने आपल्या झाडाचं ओंजळभर परत आणून द्यायचं. म्हणजे एकीचं बुडालं तरी दुसरीकडे राहतं. मंडईत शेजारच्या गाळ्यावरची माझी वैरीण होती, सात वर्षं बोलत नव्हतो, तीसुद्धा मागून घेऊन गेली होती. न बोलता पदर पसरला. न बोलता दिलं.

वैरिणीला जमलं ते नातीला जमलं नाही.

११ ऑक्टोबर

परसात एकच झाड उरलंय. मागे चार वाफे होते. गाडी आली तशी दिलीपने फरशी घातली. म्हणाला, "आई, वांगी मॉलमध्ये मिळतात, पार्किंग मिळत नाही." भिंतीला लागून हातभर माती सोडली, माझी समजूत काढायला. त्यात चार रोपं लावली, तीन गेली.

राहिलेल्या झाडाचं सगळ्यात चांगलं फळ मी बियाला ठेवलंय. लाल चिंधी बांधली. चिंधी बांधलेल्या वांग्याला हात लावायचा नाही, घरातल्या पोराटोरांनाही कळतं. चातुर्मासात आम्ही वांगं खात नाही, त्यामुळे बाकीची वैशालीकडे जातात. तिच्याकडे चातुर्मास नाही. तिच्या भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो आहे, त्याखाली बसून ती माझी वांगी बाराही महिने खाते. मला तिचा हेवा वाटतो.

(आजी, हेही लिहिलं. — वै.)

पाडवा

दिवाळी झाली. आशू आली, पाया पडली, साडी ठेवली, गेली. दारातूनच.

दुपारी वैशालीला म्हटलं, ट्रंकेतली जुनी वही काढ, वाचून दाखव. तीन वर्षं आशूने लिहिलेली. त्यांचे तेरा दिवस झाले त्या दिवशी मी काय काय बोलले होते, ते मला ऐकायचं होतं. ते म्हणजे आशूचे आजोबा. मला तारीख आठवत नव्हती, पण कार्तिकातली गोष्ट. दिलीपला तारीख विचारून वैशालीने ते पान शोधलं.

वाचलं. एकच ओळ.

"फळ पूर्ण पिवळे पडल्यावरही आठ दिवस तसेच ठेवावे, मग बी काढावे."

म्हटलं, पुढे?
"पुढे काही नाही ना, आजी. दुसरी तारीख लागून राहिली."

मागचं वाच म्हटलं. पुढचं वाच म्हटलं. वैशाली तासभर वाचत होती. बी राखेत घोळावे. रोप किती बोटांचे झाल्यावर लावावे. अळी कोणत्या पंधरवड्यात येते. मंडईत गिऱ्हाईक कोणते वांगे आधी उचलते. सगळं माझंच. पण तेवढंच. मी तीन वर्षं रोज संध्याकाळी बोलत होते. दिवसाकाठी घंटाभर. सासू, मंडई, तिथला मुका हमाल, दिलीपचं लग्न, ह्यांचं आजारपण. काही नाही. कुठे काही नाही.

ती मान हलवायची. पेन चालायचं. मला वाटायचं, चाललंय.

बी नेलं ते मी एक वेळ सोडलं असतं. घरातलंच होतं, घरातल्यानेच नेलं. पण ही वही...

(आजी आतल्या खोलीत गेल्या. चहा घेतला नाही. — वै.)

२४ ऑक्टोबर

वैशाली तिच्या वर्ध्याच्या बोलीत म्हणते, "अक्षरं शिकून घ्या ना, आजी. मी शिकवतो. माझी आजी साठीत शिकली." म्हटलं, बाई, या वयात मी अक्षर शिकले तर अक्षरालाच लाज वाटेल.

पण एक गोष्ट करून घेतली. "म्हातारा" कसं लिहितात ते दाखव म्हटलं. मी त्यांना म्हाताराच म्हणायची, लग्नातसुद्धा, माझ्यापेक्षा बारा वर्षांनी मोठे होते. तिने पाटीएवढं मोठं काढून दिलं. मग जुनी वही मांडीवर घेऊन एकेक पान बोटाने बघितलं. दोन दिवस लागले.

एकदाही नाही.

चंपाषष्ठी

चातुर्मासातलं वांगं आज सुटलं. खंडोबाला भरीत-रोडगा. परसातलं झाड आता थकलं, त्यावर चिंधीचं एकच. म्हणून वांगी मंडईतून आणवली. सून म्हणाली, "घरचं एक आहे की." मी नुसतं बघितलं. ती भाकरी थापायला गेली.

आशू आली. पाटावर बसली, भरीत खाल्लं. बारीक झालीय. जेवण झाल्यावर म्हणाली,
"आजी, एक मागायचं होतं."
"माग की. आता मागायला शिकलीस का?"

तर झालंय असं. नंबर सतरा पुढे न्यायला त्यांना मूळ वाण लागतो, गुण न बसवलेला, जसाच्या तसा. तिने नेलेलं बी संपत आलं, उरलेलं उगवेना. जाळी फाटून दुसऱ्या वांग्याचे परागही आत आले म्हणे. आता शुद्ध बी कुठे आहे, तर आमच्या पार्किंगच्या कडेला. तिच्या चार वर्षांच्या कामाचा जीव त्या चिंधीत.

"साहेबांना सांग, फरशी उकरून बघा."
"आजी, प्लीज."
"वहीत का नाही लिहिलंस गं? म्हाताऱ्याचं एवढं सांगितलं तुला. रडत सांगितलं."

ताटातला तुकडा मोडत राहिली. मग म्हणाली, "तू भराभर बोलायचीस. मला उशीर झालेला असायचा. मी महत्त्वाचं तेवढं घेत गेले."

महत्त्वाचं.

मी उठून खरकटं काढलं. पदर तिने पसरला नव्हता, जीन्स होती. पसरला असता तर काय केलं असतं, मला सांगता येत नाही.

(मी खाली आले तेव्हा आशूताई जिन्यात बसल्या होत्या. हे आजींना सांगितलं नाही, पण सगळं लिही म्हणाल्या होत्या म्हणून लिहिलं. — वै.)

४ डिसेंबर

वैशाली भावाच्या लग्नाला वर्ध्याला गेलीय. सोमवारी येईल. चार दिवस वही बंद म्हणून मी गप्प होते, घरात सगळ्यांना बरं वाटत होतं.

संध्याकाळी आशू आली. चहा तिनेच केला. वही उचलली आणि म्हणाली, "लिहू?"

लिही म्हटलं.

तर लिही. तुझ्या आजोबांना मी चाळीस वर्षं वांगं खाऊ घातलं. मंडईत न खपलेलं रोज रात्री घरी यायचं. भरीत, भाजी, काप, परत भाजी. कधी ताट बाजूला सारलं नाही. जायच्या आदल्या दिवशी मी विचारलं, काही खावंसं वाटतंय का, वांगं भाजू का? त्यांनी माझा हात धरला. म्हणाले, "आता सांगतो, रागावू नकोस. मला वांगं कधीच आवडलं नाही." आणि हसले. मीही हसले. मग रडले. चाळीस वर्षं माणसाने माझ्यासाठी गिळलं. मला अळी कळायची, हे नाही कळलं. तेराव्या दिवशी हे सांगितलं होतं तुला. म्हाताऱ्याचं हे एवढंच माझ्याकडे शिल्लक होतं.

रडू नकोस, कागद भिजेल.

चिंधीचं वांगं आज काढलं. पिवळंधमक झालंय. चिरलेलं नाही. ताटात ठेवलंय, तुझ्या-माझ्या मधे. सोमवारी वैशाली आली की हे पान तिच्याकडून वाचून घेईन. मग ठरवेन, बी कुणाच्या ओंजळीत टाकायचं ते. तुझ्या, वैशालीच्या, की परत भिंतीकडेच्या मातीत. तोवर त्याला काही होत नाही. पिवळं पडलेलं फळ आठ दिवस थांबतं. तुला माहीतच आहे. वहीत आहे.

झालं. एवढंच.

मी कधीची गप्प बसलेय, आणि तुझं पेन अजून चाललंय. काय लिहितेस गं एवढं?